डॉ. म. ना. वानखडे आणि ‘अस्मितादर्श’ची जडणघडण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• डॉ. म. ना. वानखडे यांच्या जीवनाचा व विचारांचा परिचय करून देता येईल.
• ‘अस्मिता’ ते ‘अस्मितादर्श’ हा एका लहान नियतकालिकाचा प्रवास सांगता येईल.
• या नियतकालिकाच्या परिसरात वाढलेल्या कवींचे स्थान स्पष्ट करता येईल.
• नियतकालिक आणि नवे साहित्य यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.

१. प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना अंबाजोगाईचे मराठी कवितेशी असलेले नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. परंपरेने आद्यकवी मानल्या गेलेल्या मुकुंदराजांची समाधी तेथे आहे. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली, सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडीही याच गावाने जपली. शतके उलटल्यावरही ही अक्षरे आपल्यापर्यंत पोहोचली, याचे कारण त्यांना सांभाळणारे कोणी तरी होते. शिष्यपरंपरा होती, घराणी होती, पोथ्या नकलून घेणारे हात होते. कविता टिकते ती केवळ तिच्या गुणांवर नव्हे. तिला जपणारी एखादी व्यवस्थाही लागते.

आता याच प्रदेशातील दुसऱ्या बाजूचा विचार करू. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरओळखच नाकारली गेली, त्याची कविता कोणी जपली? संत चोखामेळ्यांचे अभंग अनंत भट्ट नावाच्या गृहस्थांनी लिहून घेतले, असे परंपरा सांगते. म्हणजे एवढ्या मोठ्या कवीलाही आपले शब्द उरावेत यासाठी दुसऱ्याच्या हाताचा आधार घ्यावा लागला. जात्यावरच्या ओव्या, जलशांतली गाणी, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले बोल यांना तर तेवढाही आधार मिळाला नाही. त्यांतील बहुतेक बोलणाऱ्याबरोबरच संपले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. या समाजातील पहिली शिकलेली पिढी स्वतः लिहू लागली आणि स्वतःचे नियतकालिक चालवू लागली. मराठवाड्यात हे घडले ते औरंगाबादच्या नागसेनवनात. तेथे निघालेले ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक त्याचे साधन ठरले आणि त्याच्या उभारणीमागे ज्यांचे वैचारिक बळ होते, त्यांपैकी एक प्रमुख नाव डॉ. मनोहर नामदेव वानखडे यांचे आहे. या घटकात आपण त्यांचे जीवन आणि त्या नियतकालिकाची वाढ या दोन्हींचा एकत्रित विचार करणार आहोत.

२. जडणघडण : विदर्भातील वातावरण

वानखडे यांचा जन्म १९२४ मध्ये झाला. ते विदर्भाच्या भूमीत वाढले. त्या काळी नागपूर हे अस्पृश्य समाजाच्या जागृतीचे महत्त्वाचे केंद्र होते. किसन फागू बनसोडे यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे कविता लिहीत होते, वृत्तपत्रे काढत होते आणि शिक्षणाचा प्रसार करत होते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या अस्पृश्य समाजाच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. वानखडे तेव्हा अठरा वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वानखडे यांच्या पिढीवर या दोन्ही घटनांचा खोल परिणाम झाला. नवी ओळख मिळाली होती आणि ती देणारा नेता गेला होता. ती ओळख शब्दांत मांडण्याची जबाबदारी आता या पिढीवर आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बाबासाहेबांनी चळवळीच्या प्रत्येक टप्प्यावर नियतकालिकाचा आश्रय घेतला होता. १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी ती मालिका आहे. यांतील पहिल्या नावातच मुक्या माणसांना वाचा देण्याचा हेतू दिसतो. ही पत्रे मुख्यतः राजकीय व सामाजिक विचारांची होती. केवळ वाङ्मयाला वाहिलेले व्यासपीठ उभे करण्याचे काम पुढच्या पिढीसाठी उरले होते.

३. अमेरिकेतील अभ्यास आणि नवी दृष्टी

वानखडे यांचा अभ्यासविषय इंग्रजी साहित्य हा होता. १९६० च्या दशकात ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले आणि फ्लॉरिडा विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीची कविता आणि भारतीय तंत्रमार्ग यांचा तौलनिक अभ्यास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

ही निवड अर्थपूर्ण आहे. व्हिटमनने १८५५ मध्ये आपला पहिला कवितासंग्रह स्वतःच्या खर्चाने छापला. त्याने रूढ छंद सोडला, बोलीचा मोकळा ओघ स्वीकारला आणि मजूर, नावाडी, सुतार, गुलाम अशा सर्वांना कवितेत स्थान दिले. तंत्रमार्गानेही देहाला तुच्छ मानले नाही आणि वर्णभेदाची बंधने शिथिल केली. ज्याच्या देहाचा स्पर्शच विटाळ मानला गेला, अशा समाजातून आलेल्या अभ्यासकाला हे दोन प्रवाह एकत्र ठेवून पाहावेसे वाटले, यात नवल नाही.

त्यांच्या वास्तव्याचा काळही महत्त्वाचा होता. फ्लॉरिडा हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील राज्य आहे. तेथे शाळा, बस, उपाहारगृहे यांत वर्णाच्या आधारे विभाजन रुजलेले होते आणि त्याविरुद्धचा नागरी हक्कांचा लढा तेव्हा शिगेला पोहोचला होता. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनला विराट मोर्चा निघाला. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्यात वानखडे यांना आपल्या समाजाच्या अनुभवाशी मिळतीजुळती वेदना आणि तिला मिळालेला ठाम उच्चार या दोन्ही गोष्टी आढळल्या. (त्या काळच्या मराठी लेखनात या साहित्याला ‘निग्रो साहित्य’ म्हटले जात असे. आज तो शब्द अवमानकारक मानला जातो. म्हणून आपण ‘कृष्णवर्णीयांचे साहित्य’ असा शब्द वापरू.)

त्या साहित्याच्या इतिहासात नियतकालिकांचे स्थान मोठे आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या संपादनाखाली १९१० मध्ये ‘द क्रायसिस’ हे मासिक सुरू झाले. लँग्स्टन ह्यूज या तरुण कवीची नद्यांवरील प्रसिद्ध कविता १९२१ मध्ये त्याच मासिकात छापली गेली. पुढे हार्लेम या वस्तीच्या नावाने ओळखली जाणारी साहित्यचळवळ बहरली, तीही अशाच मासिकांच्या आधाराने. आधी व्यासपीठ, मग कवींची पिढी, आणि त्यानंतर समीक्षेची मान्यता, असा तो क्रम होता. मराठवाड्यातही पुढे याच क्रमाने घटना घडल्या.

४. मिलिंद महाविद्यालय : नियतकालिकाची पार्श्वभूमी

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाच्या सोयी फारच तुटपुंज्या होत्या आणि अस्पृश्य समाजापर्यंत त्या जवळजवळ पोहोचतच नव्हत्या. ही उणीव ओळखून बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. बौद्ध परंपरेतील भिक्षू नागसेन आणि राजा मिलिंद यांच्या संवादावरून महाविद्यालयाला आणि नागसेनवन या परिसराला नावे मिळाली. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू ही प्रतिमा विद्येच्या स्थानाला शोभणारीच होती.

त्या काळी मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते. या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून मुले नागसेनवनात येऊ लागली. त्यांतील अनेकांच्या घरात पुस्तक म्हणून काही नव्हते. वसतिगृह ही केवळ राहण्याची सोय नव्हती. समदुःखी मुलांनी एकमेकांना आपले गाव, आपली वस्ती, आपली उपासमार सांगण्याची ती पहिली जागा होती. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि या परिसरात वाङ्मयीन वातावरणाचा पाया घातला.

अमेरिकेहून परतल्यावर डॉ. वानखडे मिलिंदचे प्राचार्य झाले. त्यांच्यासमोर दोन प्रकारची कामे होती. महाविद्यालयाचा कारभार पाहणे हे एक. दुसरे काम कोणी नेमून दिलेले नव्हते. समोर बसलेल्या मुलांच्या मनात जे साठले आहे, त्याला साहित्याचे रूप मिळू शकते, हा विश्वास त्यांच्यात निर्माण करणे, हे ते काम होते.

आपली प्रगती तपासा : १
(अ) वानखडे यांना व्हिटमनच्या कवितेचा अभ्यास का महत्त्वाचा वाटला असावा?
(आ) नागसेनवनातील वसतिगृहाचे वाङ्मयीन महत्त्व तीन-चार वाक्यांत सांगा.

५. ‘अस्मिता’ ते ‘अस्मितादर्श’

१९६७ च्या सुमारास मिलिंद महाविद्यालयातील प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या साहित्य परिषदेतून ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. पुढील वर्षापासून ते ‘अस्मितादर्श’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. डॉ. गंगाधर पानतावणे हे त्याचे संपादक. तेही नागपूरचे आणि मिलिंदमध्ये मराठीचे प्राध्यापक होते. वानखडे यांनी या उपक्रमाला विचारांची दिशा आणि प्राचार्य या नात्याने पाठबळ दिले. पानतावणे यांनी अंक काढण्याचे चिकाटीचे काम अंगावर घेतले आणि सुमारे पन्नास वर्षे, २०१८ मध्ये झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत, ते निभावले. नियतकालिक घडते ते अशा दोन वृत्तींच्या मेळातून. एकाला दूरचे दिसावे लागते आणि दुसऱ्याला पुढचा अंक वेळेवर काढावा लागतो.

वेगळ्या नियतकालिकाची गरज का भासली, हा प्रश्न परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. तत्कालीन प्रतिष्ठित मासिकांची अभिरुची मुख्यतः शहरी, मध्यमवर्गीय वाचकाच्या अनुभवविश्वातून घडलेली होती. संयम, सूचकता, प्रतिमांची नवलाई हे गुण तेथे मोलाचे मानले जात. पाणवठ्यावर अडवलेल्या आईविषयी लिहिणाऱ्या मुलाची कविता या कसोटीवर भडक, अशुद्ध किंवा प्रचारकी ठरण्याची शक्यता होती. अशा कवितेला नकार मिळाला असता, तर तो त्या एका कवितेपुरता राहिला नसता. लिहायला नुकत्याच धजावलेल्या माणसाने त्याचा अर्थ आपला अनुभवच साहित्याच्या योग्यतेचा नाही, असा घेतला असता. येथे एका पिढीचा स्वतःच्या शब्दांवरचा विश्वास पणाला लागलेला होता.

वानखडे यांची भूमिका या संदर्भात स्पष्ट होती. दलित लेखकाने प्रस्थापित साहित्याच्या दारात मान्यतेसाठी थांबू नये. आपला वाचक आपल्याच लोकांत शोधावा, त्यांना समजेल अशा भाषेत लिहावे, असे ते सांगत. साहित्य विद्रोही असावे, हा त्यांचा आग्रह होता. पण विद्रोह म्हणजे केवळ संताप नव्हे. समाजाविषयीची जबाबदारी टाळून लिहिणाऱ्या लेखकाला यापुढे स्थान नाही, असे त्यांचे मत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांचे उदाहरण ते वारंवार पुढे ठेवत. पुढे जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याचा मराठीत सविस्तर परिचय करून दिला.

१९६९ मध्ये औरंगाबादच्या ‘मराठवाडा’ पत्राच्या दिवाळी अंकात दलित साहित्याची जाणीव, दिशा व प्रेरणा या विषयावर चर्चा प्रसिद्ध झाली. वानखडे तिच्यात सहभागी होते. एका महाविद्यालयाच्या परिसरात सुरू झालेला विचार या चर्चेमुळे व्यापक मराठी वाचकांसमोर गेला.

६. लहान नियतकालिकाचे अर्थकारण आणि टिकाव

१९५० व १९६० च्या दशकांत मराठीत ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ अशी अनेक लघुनियतकालिके निघाली. त्यांनी भाषेला आणि अभिरुचीला मोठा हादरा दिला. पण त्यांतील बहुतेक अल्पायुषी ठरली. ‘अस्मितादर्श’ मात्र टिकले. दोहोंतील फरक समजून घेणे उद्बोधक आहे.

लघुनियतकालिक बहुधा मित्रांच्या गटातून निघते. गट पांगला की तेही थांबते. ‘अस्मितादर्श’चा पाया यापेक्षा रुंद होता. त्याच्यामागे एक सामाजिक चळवळ होती आणि गावोगावी नोकरीला लागलेला शिक्षक, कारकून, रेल्वे कर्मचारी असा नवा वाचकवर्ग होता. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च भागवणे कोणत्याही लहान त्रैमासिकाला जड जाते. अशा वेळी वाचकाला आपण केवळ ग्राहक नसून या कामाचे भागीदार आहोत असे वाटणे, हाच त्याचा खरा ठेवा असतो. ‘अस्मितादर्श’ने लेखक-वाचक मेळावे भरवून हे नाते दृढ केले. वाचकच लेखक होत गेला, हे या नियतकालिकाच्या वाढीचे प्रमुख कारण सांगता येईल.

७. ‘अस्मितादर्श’च्या परिसरातील कवी

दया पवार, वामन निंबाळकर, यशवंत मनोहर, त्र्यंबक सपकाळे, केशव मेश्राम ही या नियतकालिकाशी निगडित असलेली काही महत्त्वाची नावे. त्यांचे संग्रह पाहिले म्हणजे वाढीचा वेग लक्षात येतो. निंबाळकर यांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ १९७३ मध्ये, दया पवार यांचा ‘कोंडवाडा’ १९७४ मध्ये, सपकाळे यांचा ‘सुरुंग’ १९७६ मध्ये, तर मनोहर यांचा ‘उत्थानगुंफा’ आणि मेश्राम यांचा ‘उत्खनन’ हे दोन्ही १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘अस्मितादर्श’ सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत एक संपूर्ण काव्यप्रवाह पुस्तकरूपाने उभा राहिला.

या शीर्षकांकडेही बारकाईने पाहावे. गावकुसाबाहेर, कोंडवाडा, सुरुंग, उत्खनन. यांतील काही शब्द कोंडलेपणाचे आहेत, काही खणण्याचे आणि काही स्फोटाचे. निसर्ग आणि प्रीती या रूढ काव्यविषयांपेक्षा हा शब्दसंग्रह निराळा आहे. येथील कवी मुक्तच्छंद वापरतात. कारण त्यांच्या अनुभवाला आखीव चाल मानवत नाही. ते वस्तीतील बोली वापरतात; कारण त्या अनुभवाची दुसरी भाषा त्यांच्याजवळ नव्हती.

याच काळात मुंबईतही समांतर हालचाल सुरू होती. बाबुराव बागूल यांची कथा १९६३ पासूनच गाजत होती. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. मुंबईच्या कवितेत महानगराच्या तळाचा दाह आहे. मराठवाडा आणि विदर्भ येथून आलेल्या बऱ्याच कवितांत खेड्यातील वस्ती, शाळा आणि स्थलांतर यांचे अनुभव आहेत. नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘टाइम्स वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकाने दलित साहित्यावर विशेष अंक काढला, तेव्हा या दोन्ही प्रवाहांकडे मराठीबाहेरच्या वाचकांचे लक्ष गेले.

कवितेमागोमाग आत्मकथनही आले. मिलिंदच्या परिसरात घडलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. कवितेत जे उद्गाराच्या रूपाने आले होते, ते येथे तपशिलाने सांगितले गेले.

या वाढीच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. आरंभीच्या काळात ठळकपणे पुढे आलेली नावे बहुतांशी पुरुषांची आहेत. हिरा बनसोडे यांच्यासारख्या कवयित्रींनी दलित स्त्रीच्या दुहेरी कोंडमाऱ्याला वाचा दिली. परंतु त्या आवाजाची पुरेशी दखल घेतली जाण्यास वेळ लागला. दलित, बौद्ध, आंबेडकरवादी यांपैकी कोणती संज्ञा योग्य, याविषयीही लेखकांत तीव्र मतभेद झाले. ते आजही संपलेले नाहीत.

आपली प्रगती तपासा : २
(अ) ‘अस्मितादर्श’ दीर्घकाळ टिकण्याची कारणे लिहा.
(आ) या प्रवाहातील कवितासंग्रहांच्या शीर्षकांतून कोणते अनुभवविश्व सूचित होते?

८. अखेर आणि वारसा

डॉ. वानखडे यांचे १९७८ मध्ये निधन झाले. त्यांना उणीपुरी चोपन्न वर्षांचे आयुष्य लाभले. त्याच वर्षी जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ज्या समाजाने नुकतीच लेखणी हाती घेतली होती, त्याला तिची किंमत कशी मोजावी लागते, हे या सोळा वर्षांनी दाखवले. या काळातील वेदना आणि निर्धार यांची नोंद करण्यासाठी नियतकालिक आधीच उभे होते, ही गोष्ट विसरता येणार नाही.

वानखडे यांचे लेख व भाषणे ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या नावाने १९८१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. ती एकत्र करण्यासाठी वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर यांनी परिश्रम घेतले. या घटनेत एक वर्तुळ पूर्ण झालेले दिसते. ज्यांच्या कवितेला जागा मिळावी म्हणून वानखडे यांनी आग्रह धरला, त्याच कवींनी त्यांचे विखुरलेले शब्द जपले. चोखामेळ्यांना दुसऱ्याच्या हाताचा आधार घ्यावा लागला होता; येथे तो हात आपल्याच माणसांचा होता.

९. समारोप

डॉ. वानखडे यांनी स्वतः विपुल लेखन केले नाही. ग्रंथसंख्येवरून लेखकाचे मोल ठरवणाऱ्याला त्यांचे कार्य लहान वाटेल. परंतु साहित्याच्या इतिहासात लिहिणाऱ्यांइतकेच, लिहिण्यासाठी जागा निर्माण करणारेही महत्त्वाचे असतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलेला अनुभव त्यांनी नागसेनवनातील मुलांपर्यंत आणला आणि तुमचे दुःख एकटे नाही, ते सांगण्याजोगे आहे, याची खात्री त्यांना दिली. एका लहान त्रैमासिकाच्या पानांवर त्या खात्रीची कविता झाली.

विद्यार्थिमित्रहो, नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या अभ्यासकांना हा इतिहास परका वाटू नये. त्या काळी नागसेनवनात आलेले विद्यार्थीही आपापल्या घरातील पहिलेच शिकणारे होते.

स्वाध्याय

१. डॉ. म. ना. वानखडे यांच्या विचारांवर झालेले भारतीय व अमेरिकन संस्कार सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘नियतकालिक हे नव्या साहित्याचे पाळणाघर असते’ या विधानाची ‘अस्मितादर्श’च्या आधारे चर्चा करा.
३. टीपा लिहा : (अ) मिलिंद महाविद्यालय (आ) लघुनियतकालिके आणि ‘अस्मितादर्श’ (इ) विद्रोहाची वानखडे यांची कल्पना.
४. उपक्रम : आपल्या तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या नियतकालिकांचे व दिवाळी अंकांचे कपाट पाहा. आपल्या जिल्ह्यातील कवींच्या तेथे आढळलेल्या कवितांची कवीचे नाव, नियतकालिक आणि वर्ष यांसह यादी करा. त्यांपैकी कोणत्या कविता पुढे पुस्तकात आल्या आणि कोणत्या केवळ त्या अंकातच राहिल्या, याची नोंद करा.